पायरी नसलेली जागा

माझ्याकडे जुनी व्हॅन नसती, तर गांगुर्डे मामांची आणि माझी ओळख बिघडलेल्या मशीनपुरतीच राहिली असती. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात इंजिनिअर होतो आणि ते मेंटेनन्सला फिटर होते. मी तिशीतला, ते छप्पन्नच्या पुढचे. ते मला 'देवरे साहेब' म्हणायचे आणि मी त्यांना सगळ्यांसारखं 'मामा' म्हणायचो.

उंच, हडकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे. चालणारे म्हणजे सतत चालणारे. कारखान्यात त्यांना शोधायला कुणी जात नसे. एका जागी उभं राहायचं, दहा मिनिटांत ते तिथून जायचेच. जाता जाता मशीनच्या अंगावरून तळहात फिरवायचे, गोठ्यातून जाताना कुणी गुरांच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुठे जास्त गरम लागलं, कुठे थरथर वेगळी वाटली, की दोन पावलं मागे येऊन पुन्हा हात लावायचे. डबासुद्धा उभ्यानं. डाव्या हातात डब्याचं झाकण, त्यावर भाकरी आणि भाजी, आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या. "मामा, बसा की," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "बसायचं कशाला, परत उठावंच लागतं."

बोलताना त्यांच्या हाताला काहीतरी लागायचं. समोरच्याच्या खिशातलं पेन न विचारता काढून घ्यायचे, रिफिल, स्प्रिंग, टोपण सुटं करायचे, एकेक तुकडा शर्टाला पुसायचे आणि बोलणं संपेपर्यंत सगळं जोडून पेन परत खिशात ठेवायचे. माझं एक पेन त्यांनी इतक्यांदा उघडलं की त्याचे आटे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं आणून दिलं आणि देता देताच ते उघडलं.

एका वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात जुन्या कामगारांचा सत्कार होता. स्टेजवर मामांसाठी खुर्ची ठेवली होती. मामा त्या खुर्चीच्या मागे उभे राहिले, पाठीवर हात ठेवून. मॅनेजरनं दोनदा खूण केली. मामांनी मान हलवली आणि उभेच राहिले. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, हा माणूस आपल्या मानासाठी उभा आहे, म्हणून तेही उठले. पाहुणे उठले म्हणून मॅनेजर उठले. मग सगळं स्टेज उभं राहिलं आणि समोरचे लोक राष्ट्रगीत आहे असं समजून उठायला लागले. नंतर मी विचारलं तर मामा म्हणाले, "खुर्चीचा एक पाय लहान होता. बसलो असतो तर सगळा वेळ त्याच्याकडंच लक्ष गेलं असतं."

अशा माणसाची मोटरसायकल मात्र तीसच्या वर कधी जात नसे. पहिल्या पाळीला येताना रिकाम्या रस्त्यावरही तीस. पोरं हसायची, सायकलवाला मामांना मागे टाकून गेला म्हणायची. मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मलाही त्याचं नवल वाटायचं, पण विचारण्याइतकी जवळीक नव्हती.

एका शनिवारी ते माझ्या टेबलाशी आले. माझं पेन उचललं, पण उघडलं नाही. "साहेब, तुमची ती व्हॅन चालू आहे ना? उद्या जरा काम होतं. प्रज्ञाचं लग्न ठरलंय. जागा बघायला जायचंय."

प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. बँकेत क्लार्क होती. एवढं मला माहीत होतं. जागा बघायला व्हॅन कशाला, हे दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. पाथर्डी फाट्याजवळचं तळमजल्यावरचं घर. दाराला उंबरा नव्हता, तिथे सिमेंटचा उतार होता. मामांनी घडीची एक जुनी चाकाची खुर्ची व्हॅनमध्ये मागे ठेवली. आतून प्रज्ञा तिच्या नव्या खुर्चीवरून दारापर्यंत आली, मला नमस्कार केला आणि वडिलांना म्हणाली, "जुनी खुर्ची कशाला नेताय?"

"बघायला," मामा म्हणाले.

गंगापूर रोडवरच्या पहिल्याच लॉन्सवर मामांनी खिशातून टेप काढली आणि स्टेजची उंची मोजली. तीन फूट, पाच पायऱ्या. मग खुर्ची उघडली, गेटजवळ ठेवली आणि मला म्हणाले, "बसा."

"मी?"

"मी बसलो तर मला बाहेरून दिसणार नाय ना, काय होतंय ते. तुम्ही बसा आन् एकट्यानं स्टेजपर्यंत जा. पाय लावायचे नाय."

मी बसलो. फरशी होती तोवर ठीक होतं. हिरवळ लागली आणि पुढची दोन लहान चाकं मातीत रुतली. मी हातानं मोठी चाकं ओढली, खुर्ची जागच्या जागी फिरली. माळी पाणी मारायचं थांबवून बघत होता. सजावटीचे दोन कामगार बघत होते. मॅनेजर पळत आला, मला काय झालंय म्हणून त्यानं मामांना विचारलं, मला नाही. मी समोर असताना तो मामांना विचारत होता, "हे किती दिवसांपासून असे आहेत?" त्या दहा मिनिटांत मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

मामांनी मॅनेजरला सगळं सांगितलं. मुलगी नवरी आहे, व्हीलचेअरवर असते. मॅनेजर हसून म्हणाला, "एवढंच ना? चार पोरं देतो आपली. अलगद उचलून वर ठेवतील."

"ती काय सोफा आहे का?" मामा शांतपणे म्हणाले आणि टेप गुंडाळली.

परत येताना व्हॅनमध्ये ते मला पहिल्यांदा 'देवरे' म्हणाले आणि 'तू' म्हणाले. ते तसंच राहिलं.

त्यानंतरचे सात-आठ रविवार आम्ही फिरलो. गंगापूर रोड, आडगाव, नाशिकरोड, त्र्यंबक रस्ता. जिथे हिरवळ नव्हती तिथे हॉल पहिल्या मजल्यावर. जिथे लिफ्ट होती तिथे तिचं दार खुर्चीपेक्षा दोन इंच अरुंद. एका कार्यालयात उतार होता, पण तो इतका उभा की मी वर जायच्या ऐवजी मागे आलो आणि मामांनी मला छातीवर झेललं. "एक फूट चढायला बारा फूट लांबी पायजे," ते त्या मालकाला सांगायला लागले. मालकाला पुढचं गिऱ्हाईक होतं. मामांच्या तोंडात तेव्हा एकच शब्द असायचा, 'बघून येऊ'. फोनवर चौकशी त्यांना पटत नसे. फोनवर सगळ्यांचीच जागा सपाट असते, म्हणायचे. आठवड्यात मध्येच जेवणाच्या सुट्टीत येऊन सांगायचे, अमुक ठिकाणी एक शाळेचा हॉल आहे म्हणतात, बघून येऊ. त्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. फेऱ्यांचा वेगही वाढला होता.

एका रविवारी संध्याकाळी असेच हात हलवत परत आलो. मामी चहा करत होत्या. प्रज्ञा टेबलाशी बँकेचं काहीतरी काम करत बसली होती. मामा दारात उभ्या उभ्या सांगायला लागले, आजच्या जागेचा मालक भला माणूस होता, सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

प्रज्ञानं पेन खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही त्याला काय सांगितलं?"

"काय म्हणजे? जे आहे ते."

"आतापर्यंत किती जणांना सांगितलंत? वीस? पंचवीस? मला न बघितलेल्या पंचवीस माणसांना माझ्या पायांची गोष्ट माहीत झाली. तुम्ही टेप घेऊन प्रत्येकाच्या दारात जाता आणि माझी गोष्ट सांगता. मला नको आहे ते. आम्ही नोंदणी करू, सह्या करू, संपलं."

"ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हाय," मामा म्हणाले. "तीनदा गेलो, तिन्ही वेळा लिफ्ट बंद."

"म्हणजे तुम्ही तिथेही जाऊन आलात."

मामा चप्पल घालून बाहेर पडले. मामी चहाचा कप हातात घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या.

मी निघायच्या बेतात होतो. प्रज्ञा म्हणाली, "थांबा, देवरे सर. तुम्हाला खुर्चीत बसवून फिरवतात ना ते? मला कळलंय. सॉरी." मग तिनं सांगितलं. ती नऊ वर्षांची होती. सकाळी मामा तिला शाळेत सोडून पहिल्या पाळीला जायचे. त्या दिवशी उशीर झाला होता. टेम्पो आणि दुभाजक यांच्या मधल्या फटीतून त्यांनी मोटरसायकल काढली. ते पडले आणि उठले. ती पडली आणि उठली नाही.

"मी त्यांना कधी काही म्हटलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं असतं तर बरं झालं असतं कदाचित. आता ते माझ्यासाठी वाट काढायला बघतात, आणि मला वाटतं, मी अजून त्या गाडीवरच बसलेली आहे."

मामा अर्ध्या तासानं आले. चेहरा धुतलेला. सरळ मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "इथून पुढं तुझं नाव काढणार नाय. सांगेन, पाहुण्यांत म्हातारी माणसं लय आहेत. पण जागा बघू दे मला."

प्रज्ञा म्हणाली, "बघा. पण एक अट. त्या दिवशी मला कुणी उचलणार नाही, कुणी मागून ढकलणार नाही आणि कुणी मधे येणार नाही. तुम्हीही."

"कबूल," मामा म्हणाले.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्यांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी ते कधी कधी बाहेरची दुरुस्ती करायचे. दिंडोरीकडे मोहाडी रस्त्यावर संपतराव म्हणून एक बागाईतदार होते, त्यांचं द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं पॅकहाऊस होतं. हंगाम संपला होता आणि पट्ट्याच्या मशीनचा गिअरबॉक्स उघडायला मामांना बोलावलं होतं. "देवरे, व्हॅन काढ," एवढंच म्हणाले.

मी पोचलो तर मामा बाहेर उन्हात उभे होते. मला आत नेलं. मोठा लांबरुंद हॉल, जाड पांढऱ्या भिंती, गुळगुळीत करडी जमीन. जमिनीवर पिवळ्या रेषा, माल येण्याची वाट आणि जाण्याची वाट दाखवणाऱ्या. कुठेही उंबरा नाही, पायरी नाही. बाहेर ट्रकला माल चढवायच्या बाजूला लांब, सावकाश चढणारा उतार. मामांनी तिथली हातगाडी दाखवली. "यावर पेट्यांचा एवढा ढीग असतो. मघाशी इथली एक बाई एका हातानं ओढत होती. एका हातानं, देवरे." मी विचारायच्या आत त्यांनी व्हॅनमधली खुर्ची आणली होती. मी उताराच्या पायथ्यापासून हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलो, एका दमात. परत आलो तेव्हा मामा पाठमोरे उभे राहून गिअरबॉक्सच्या तेलाचे हात पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

खरं तर संपतरावांना विचारण्याआधी त्याच रस्त्यावरच्या आणखी एका पॅकहाऊसवर ते विचारून आले होते, ते अधिक जवळ होतं. तिथल्या माणसानं तारीख मोकळी आहे म्हणून सांगितलं, मग आडनाव विचारलं, मग म्हणाला वडिलांना विचारावं लागेल. वडील शेजारच्याच खाटेवर बसलेले होते. हे मामांनी मला पुढे कधीतरी, मी गाडी चालवत असताना, रस्त्याकडे बघत सांगितलं.

संपतरावांची अडचण वेगळी होती. ते डोकं खाजवत म्हणाले, "गांगुर्डे, जागा तुमचीच समजा. पण इथून माल परदेशी जातो. तपासणीवाले येतात, कोपरा न् कोपरा बघतात. लग्न म्हटलं की अक्षता. तांदळाचा एक दाणा फटीत राहिला तर उंदीर येतो. मग माझं काय?"

"आमच्यात अक्षता नसतात," मामा म्हणाले. "फुलांच्या पाकळ्या असतात. एकूण एक पाकळी मी स्वतः झाडून काढेन. चपला बाहेर, जेवण बाहेर मांडवात."

संपतराव हसले. "मग आता मी नाही कशाला म्हणू?"

पण खरी भिंत पुढेच होती. नवरा मुलगा सुमेध साळवे, देवळाली कॅम्पचा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारा. वडिलांच्या पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला तो बँकेत जायचा आणि तिथेच त्याची आणि प्रज्ञाची ओळख झाली. एका वर्षी तो दाखला द्यायला चार वेळा आला, तेव्हा प्रज्ञाला संशय आला. वडील वारल्यावर घरात तो आणि आई. या साळवेताईंना पॅकहाऊसचं सांगायला आम्ही कॅम्पात गेलो.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "गांगुर्डे भाऊ, राग मानू नका. मुलगी मला पसंत आहे. पण आमच्या नात्यात आधीच कुजबुज आहे, साळव्यांच्या पोराला दुसरी मिळाली नाही का म्हणून. मी सगळ्यांना तोंड देते आहे. आता लग्न माळावरच्या गोडाऊनमध्ये लावलं, तर म्हणतील, लपवून लावलं. माझी एकच इच्छा आहे, लग्न असं व्हावं की कुणाला कीव करायला जागा राहू नये."

मामा उठले. त्या छोट्या खोलीत फेऱ्या मारायला जागा नव्हती, तरी कपाटापासून दारापर्यंत दोनदा गेले. त्या बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. सुमेध आईकडे बघत होता. शेवटी मामा म्हणाले, "बघून येऊ."

"काय बघायचं?"

"जागा. तुम्ही सोता बघा. तुम्ही नाय म्हणालात तर तुम्ही सांगाल ते लॉन्स घेऊ, आन् तिथं मी माझ्या हातानं उतार बांधीन."

"आई, चल ना," सुमेध म्हणाला.

साळवेताईंच्या गुडघ्यांना त्रास होता. व्हॅनमधून उतरताना त्यांनी सुमेधच्या खांद्याचा आधार घेतला. मग उतारावरून हळूहळू चालायला लागल्या. मामा त्यांच्या पुढे, मागे, बाजूला, नुसते घुटमळत होते. ताई वर पोचल्या, आत गेल्या, हॉलच्या मध्यावर थांबल्या. मग वळून उताराकडे बघितलं. धाप लागली नव्हती.

"स्टेज कुठे?" त्यांनी विचारलं.

"स्टेज नाय," मामा म्हणाले. "सगळे एकाच जमिनीवर."

"माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मी स्टेजवर गेले नाही," त्या म्हणाल्या. "पायऱ्या बघूनच पाय दुखायला लागले. खालूनच हात केला. फोटोत मी नाहीच." मग पदर सारखा करून सुमेधला म्हणाल्या, "पत्रिकेत काय लिहिणार? गोडाऊन?"

"जे आहे ते. द्राक्ष पॅकहाऊस."

"मग कागद चांगला घ्या," त्या म्हणाल्या.

लग्न मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी अकराला होतं. आठवडाभर मामांना ओळखणं कठीण झालं होतं. रोज पाळी सुटली की तीसच्या वेगानं मोहाडी रस्ता, तिथून परत. त्यांनी वीज गेली तर म्हणून जनरेटर तपासला, मग पुन्हा तपासला. सुमेधला बसायला एक साधी खुर्ची आणली आणि तिचे पाय कापून आणले, दोघांची डोकी एका उंचीवर यावीत म्हणून. कारखान्यात एकदा मी त्यांना म्हटलं, "मामा, आता झालं ना सगळं." ते म्हणाले, "झालं रे. पण आत काहीतरी फिरतंच राहतंय. बंदच होत नाय."

त्या दिवशी बाहेर ऊन भाजत होतं आणि आत गारवा होता. लोक येताना नाकं मुरडत आले असतील, पण आत आल्यावर ती पांढरी भिंत, रांगेत मांडलेल्या खुर्च्या आणि मोगऱ्याचा वास यांनी गप्प झाले. साळवेताई पहिल्या रांगेत नव्हत्या, त्या दारात उभ्या राहून प्रत्येकाला "या, पायरी नाहीये, सरळ या" म्हणून सांगत होत्या. टोकाला टेबलावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, शेजारी भन्ते बसलेले. सुमेध त्याच्या पाय कापलेल्या खुर्चीवर.

अकराला दहा कमी असताना वीज गेली. क्षणभर सगळं अंधारलं, मग जनरेटर सुरू झाला आणि दिवे लागले. मामा म्हणाले, "बघून येतो," आणि मागच्या दारानं बाहेर गेले.

तेवढ्यात उताराच्या वरच्या टोकाला प्रज्ञा आली. पांढरी साडी, तिला बारीक निळी किनार. दोन्ही बाजूंना आई-वडिलांनी चालायचं असं ठरलं होतं. तिनं विचारलं, "बाबा कुठे?"

"आहेत इथेच," मामी म्हणाल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या.

"असू दे," प्रज्ञा म्हणाली. "तू चल."

ती पिवळ्या रेषेवरून निघाली. मामी एक पाऊल मागे. तीनेकशे माणसं, पण आवाज फक्त चाकांचा आणि लांबून जनरेटरचा. निम्म्या वाटेवर खुर्ची थांबली. साडीचा काठ चाकात गेला होता. पहिल्या रांगेतले चार-पाच जण एकदम उठले, सुमेध उठायला लागला, मी स्वतः एक पाय पुढे टाकला होता. प्रज्ञानं डावा हात वर केला. नुसता वर केला, कुणाकडे न बघता. सगळे होते तिथे थांबले. तिनं खाली वाकून चाक थोडं मागे घेतलं, काठ सोडवला, मांडीवर नीट ठेवला आणि पुढे गेली. त्याला फार तर एक मिनिट लागलं असेल. ते मिनिट सरता सरत नव्हतं.

ती सुमेधच्या शेजारी पोचली तसा मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

मामा जनरेटरपाशी होते. तो उत्तम चालला होता. त्याच्या अंगावर तळहात ठेवून ते त्याच्याभोवती फेऱ्या मारत होते. नवा पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"पोचली का?" त्यांनी विचारलं.

"पोचली."

"अडकली कुठं?"

"एकदा. साडी चाकात आली होती. तिनंच काढली."

"कुणी मधे गेलं?"

"नाही. तिनं हात केला."

त्यांनी मान डोलावली आणि आणखी एक फेरी मारली. आतून भन्त्यांचा आवाज यायला लागला, मागोमाग सगळ्यांचा. "चला मामा," मी म्हटलं.

"मी आत असतो तर गेलो असतो मधे," ते म्हणाले. "कबूल केलं होतं, पण गेलोच असतो. हात राहिला नसता." मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "चल."

आम्ही आत गेलो तेव्हा हार घालून झाले होते आणि पाकळ्या पडत होत्या. प्रज्ञानं त्यांना लांबूनच बघितलं. ती हसली नाही, रडली नाही, फक्त भुवया उंचावल्या. मामांनी पाठ वळवून मागे बांधलेले दोन्ही हात तिला दाखवले. तेव्हा ती हसली.

दुपारी पाहुणे गेल्यावर मामा नव्या सदऱ्यातच झाडू घेऊन फिरत होते. संपतरावांनी तीनदा सांगितलं, आमची माणसं काढतील. मामांनी ऐकलं नाही. फटी-फटीतून बोटानं पाकळ्या काढल्या.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. मी चाकणला नोकरी घेतली. दोन वर्षांनी सकाळी भाजी आणायला जाताना रस्त्यातच ते गेले, असं मामींनी फोनवर सांगितलं. मला पोचायला उशीर झाला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाशिक सोडण्याच्या आदल्या आठवड्यात, पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला. माझ्या उजवीकडे एक लहान लाल कार येऊन थांबली. प्रज्ञा चालवत होती. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायची सोय तिनं त्यात करून घेतली होती. मागे साळवेताई भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. प्रज्ञानं मला ओळखून हॉर्न दिला. मामा तिच्या शेजारी बसले होते, पट्टा बांधून, दोन्ही हात समोर घट्ट रोवलेले, नजर रस्त्यावर. मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांचा उजवा पाय, नसलेल्या ब्रेकवर, आधीच दाबलेला होता. सिग्नल हिरवा झाला आणि ती सगळ्यांच्या आधी निघाली.